पंच म्हणून केलेली सही

माझ्या एम.ए.च्या प्रबंधात चौथ्या प्रकरणात एक तक्ता आहे. तालुक्यातले चोरीचे गुन्हे आणि आरोपींच्या जमाती. त्याच्या रेघा मी स्वतः पट्टीने आखल्या होत्या. त्यातल्या पारध्यांच्या रकान्यात जो आकडा आहे, त्यातला एक माझ्यामुळे आहे. हे मी प्रबंधात लिहिलेलं नाही.

आमचं गाव तिसगावपासून तासाभराच्या चालीवर. घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन होती आणि ते तिसगावच्या बाजारात हमाली करत. मला नगरला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा फी माफ होण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागणार होता. जमीन आणि हमाली दोन्ही धरली तर आम्ही मर्यादेच्या थोडे वर जात होतो. दाखल्यासाठी गावच्या पोलीस पाटलांकडून लिहून घ्यावं लागे. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. वडील वहाणा बाहेर काढून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि हमालीचं सांगू लागले.

आबा म्हणाले, "हमाली काय रोज मिळती व्हय? ती न्हाई धरायची. पोरगं शिकतंय, शिकू दे."

त्यांनी फक्त जमीन लिहिली. पुढची चार वर्षं माझा फॉर्म ते न वाचताच सही करून देत. परत येताना वडील दर वेळी एकच सांगत, "आबांना इसरू नको."

१९७१च्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो. आबांनी चावडीत पेढे वाटले. त्याच महिन्यात गावातल्या एका मोठ्या घरच्या न्हाणीतून तांब्याचा बंब चोरीला गेला. हवालदार आले आणि आधी गायरानावरच्या पारध्यांच्या पालांवर गेले. गावात काही गेलं की आधी पालांवर जायचं, ही रीतच होती. मला त्यात वावगं वाटत नसे. पालातली माणसं चोर असतात हे मला कुणी शिकवलं, ते सांगता येणार नाही. देवळात चप्पल बाहेर काढायची हे जसं कळलं, तसंच हेही कळलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला आबांनी मला चावडीत बोलावून घेतलं. बंब पायरीवर ठेवलेला होता. त्याच्या शेजारी पालातला एक माणूस हात बांधून बसवलेला होता. वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त असेल. हवालदारांच्या हातात आबांनी लिहिलेला पंचनामा होता.

हवालदार म्हणाले, "दोन पंच लागत्यात. एक शिंपीदादा झाले. दुसरा शिकलेला द्या, कोर्टात वजन पडतं."

"हा घ्या की, गावचा पहिला बी.ए.," आबा म्हणाले.

"बंब कुठं सापडला?" मी विचारलं.

"लिवलंय त्यात. बी.ए. झालात, वाचता येत आसंल," हवालदार म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मी वाचलं नाही. आबांनी चार वर्षं माझा कागद न वाचता सही केली होती. त्यांच्यासमोर त्यांचा कागद वाचत बसणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. मी सही केली आणि नावापुढे 'बी.ए.' असं लिहिलं. ती दोन अक्षरं मी कुठल्याही कागदावर पहिल्यांदा लिहिली ती तिथे. मला अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या कागदात काय होतं ते मी पाच महिन्यांनी तालुक्याच्या कोर्टात ऐकलं. तोवर मी पुण्याला एम.ए.ला गेलो होतो. आबांचं पत्र आलं म्हणून एस.टी.ने आलो. कारकुनाने वाचून दाखवलं, की आम्हा पंचांसमक्ष पालामागचा उकिरडा उकरून बंब काढण्यात आला. मी पालांकडे आयुष्यात कधी गेलो नव्हतो.

त्या माणसाला जामीन राहायला कोणी मिळालं नव्हतं, वकीलही नव्हता. मॅजिस्ट्रेटांनी त्याला विचारलं, "या साक्षीदाराला काही विचारायचंय?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, तुमी आमच्या पालावर कंच्या अंगानं आल्ता?"

"रस्त्याने," मी म्हणालो.

"रस्ता न्हाई तितं. वढा हाय."

"ओढ्याने."

"मंग आमची कुत्री कुनी धरली हुती?"

तो मॅजिस्ट्रेटांकडे वळला. "सायेब, चार कुत्री हायती. नवा मानूस आला तर सोडत न्हाईत. ह्यास्नी इचारा, कुत्री कुनी धरली हुती."

कोर्टातला शिपाई तोंडावर हात धरून हसला. मॅजिस्ट्रेटांनी मला विचारलं, "आठवतं का?"

"नाही, साहेब."

"पंचनाम्यावरची सही तुमची आहे?"

"होय."

त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. बाहेर हवालदारांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "बी.ए., बोलताना अडखळत जाऊ नका." त्या माणसाने बंब चोरला होता की नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही.

पुण्यात आम्हाला गुन्ह्यांचा अभ्यास हा विषय शिकवायला एक बाई होत्या. त्या वर्गात म्हणायच्या, "आजवर आपण विचारत आलो, की माणूस गुन्हा का करतो. आता काही जण वेगळं विचारू लागलेत. कुठल्या कृतीला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं? पोलीस आधी कुणाच्या दारात जातात? आणि ज्याला एकदा गुन्हेगार म्हटलं, त्याचं पुढे काय होतं?" परीक्षेत हे येणार म्हणून सगळ्यांनी लिहून घेतलं. मी त्या ओळींखाली दोन रेघा मारल्या. मला ते समजलं असं मला वाटत होतं.

१९७२च्या दिवाळीत मी प्रबंधासाठी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नोंदी उतरवून घ्यायला बसलो. तेच हवालदार तिथे होते. "चोरांचा अभ्यास करता? मग आमाला इचारा की, पुस्तकं कशाला?" असं म्हणत त्यांनी मला टेबल रिकामं करून दिलं. तिसऱ्या दिवशी बंबाची नोंद समोर आली. मी पारध्यांच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि पुढच्या नोंदीकडे वळलो.

पुण्यात बाईंनी तक्ता पाहिला. "यातला एक तरी गुन्हा कसा नोंदवला गेला, हे तू पाहिलंयस?"

"नाही, बाई."

"मग कुठल्याही एका नोंदीच्या मागे जा. एकाच. माणूस शोध, त्याला विचार."

मी बंबाची नोंद निवडली नाही. तिसगावच्या बाजारातल्या एका सायकलचोरीची निवडली. तो आरोपी आमच्या गावच्या फाट्यावर दुष्काळी कामावर खडी फोडतो असं कळलं, म्हणून गावाकडे येऊन मी त्या कामावर गेलो. तो नव्हताच. परत फिरलो तेव्हा खडीच्या ढिगाजवळून एका बाईने हाक मारली.

"मास्तर!"

मी ओळखलं नाही. तीच म्हणाली, "मी तुमाला कोर्टात बगितलं हुतं. कुत्री कुनी धरली ते सांगितलं न्हाई तुमी." ती त्या माणसाची बायको होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कुत्री आहेत का अजून?"

"मानसाला न्हाई, कुत्र्याला कुठलं? गेली समदी." तिने हातोडी खाली ठेवली. "सुटून आला, तवापासनं दोनदा धरून नेला. आदी म्हनायचे, पारधी हाय. आता म्हनत्यात, सजा झालेला हाय. म्हनून पळून गेला सोनईकडं ऊस तोडाया. हितं पोरास्नी घिऊन मी एकली हाय." मग म्हणाली, "तुमी आमच्या पालावर आल्ता का?"

"नाही."

"मंग तेवढंच लिवून द्या. लई न्हाई मागत. तेवढं लिवलं तर यील त्यो घरी."

बाईंनी वर्गात ज्याला तीन तास घेतले, ते हिने हातोडी खाली ठेवून चार वाक्यांत सांगितलं होतं. मी म्हणालो, "देतो."

आणि मी लिहिलं. साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात लिहिलं, की पंचनाम्याच्या वेळी मी त्या जागी हजर नव्हतो, सही चावडीत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन मी आबांकडे गेलो. आधी त्यांना दाखवावा, एवढं तरी मी त्यांचं देणं लागतो, असं मला वाटलं. आता कळतं, की त्यांनी अडवावं म्हणूनच मी गेलो होतो.

आबांनी चष्मा लावून कागद वाचला. माझा एखादा कागद त्यांनी पूर्ण वाचला तो हा पहिलाच. ते रागावले नाहीत. घडी घालून त्यांनी तो परत माझ्या हातात दिला.

"ह्यात मी खोटा ठरतो, हवालदार खोटा ठरतो. ठरू दे. पर एकदा खोटं काढाया बसलं, की समदंच काढावं लागंल, पोरा." मग अगदी मायेने म्हणाले, "तुझा बाप अजून हमालीला जातो न्हवं?"

"जातात."

"जपून जा म्हनावं. वय झालं. चहा घे."

मी चहा घेतला.

आबांनी दोन खोटे कागद केले होते. एकाने मी पदवीधर झालो. दुसऱ्याने तो माणूस सजा झालेला झाला. त्याची नोंद ठाण्यात आहे, माझी कुठेच नाही, आणि माझ्या प्रबंधाचा विषय तर हाच होता. हे मला पुण्याला जाणाऱ्या एस.टी.त, तो कागद खिशात असताना कळलं, आणि कळूनही मी उतरलो नाही.

बाईंनी विचारलं, "गेलास का मागे?"

"माणूस सापडला नाही, बाई."

"मग तसं लिही."

मी प्रस्तावनेत एक वाक्य लिहिलं, की प्रस्तुत आकडे पोलिसांच्या नोंदींवर आधारित असून त्यांना मर्यादा आहेत. मला पहिला वर्ग मिळाला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात बाईंच्या खालोखाल आबांचा उल्लेख आहे, 'ज्यांच्याशिवाय माझं शिक्षण झालंच नसतं' असा. त्या वाक्यात खोटं काही नाही.

दुष्काळ सरेपर्यंत खडीचं ते काम आमच्या फाट्यावरच चालू होतं. त्या काळात सुट्टीला गावी येताना मी फाट्यावर उतरत नसे. तिसगावपर्यंत जाई आणि तिथून शेतांतल्या पायवाटेने चालत घरी येई. आई विचारायची, "एवढ्या लांबनं का रे येतोस?" मी म्हणायचो, पाय मोकळे होतात.