नखांतली माती

नर्सरीच्या दारावर 'तीन पिढ्यांचे मातीतले हात' असा फलक लावायचं भाच्याच्या डोक्यात आलं आणि त्याने आत्याच्या हातांचे फोटो काढायला माणूस बोलावला. आत्या नळावर हात स्वच्छ धुऊन आली, तसं भाच्याचं तोंड उतरलं.

"अगं आत्या, धुतलेस कशाला? माती हवी होती!" असं म्हणत त्याने दुकानातल्या पिशवीतली माती वाटीत ओतून तिच्यापुढे धरली.

आत्याला शिसारी आली. तिचा बाप या मुलखात परका म्हणून आला, तेव्हा नखांत माती दिसली की दुकानदार दारातूनच हाकलून द्यायचे. म्हणून रोपं लावून झाली की बाप तिची आणि तिच्या भावाची बोटं ब्रशने लालबुंद होईपर्यंत घासायचा. दोघं भोकाड पसरायची, पण सुटका नसे. आणि त्याच भावाचा हा दिवटा आता तिला माती फासून गिऱ्हाइकांपुढे मिरवणार होता!

तिने भाच्याच्या मऊ लुसलुशीत तळव्यांकडे पाहिलं आणि वाटी त्याच्याकडे सरकवली.

"तूच लाव रे बाबा. फोटोपुरती तरी लागू दे तुझ्या हाताला."