मागे केलेला हात
जुन्या लाल कापडाचा कुबट वास आला की मला एकोणीसशे तीसच्या सुमारासचं रत्नागिरीचं कोर्ट आठवतं. अकरा वर्षं मी एका वकिलांचा कारकून होतो. उलटतपासणीत ते मागे न बघता डावा हात मागे करायचे आणि लाल रुमालात बांधलेल्या दप्तरातून हवा तो कागद मी त्या हातात ठेवायचो. जास्त पगारासाठी मी दुसऱ्या वकिलांकडे निघालो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा हो. वाटेत भेटलास तर मान फिरवू नको म्हणजे झालं." पहिल्याच आठवड्यात एका दाव्यात ते आमच्या विरुद्ध उभे राहिले. खिडकीतून खारा वारा येत होता. त्यांचा हात मागे आला, त्यांचा नवा कारकून गडबडला, आणि शेजारून वाकून मीच त्यांच्या दप्तरातलं खरेदीखत काढून त्या हातात ठेवलं. माझे नवे वकील माझ्याकडे बघतच राहिले. जुन्यांनी कागद वाचून दाखवला, मग वळून मला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आभारी आहे." अकरा वर्षांत हे त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. मला काही वाटलं नाही. कोर्टाच्या मधल्या सुटीत मी बाहेरच्या रांजणातलं पाणी प्यालो आणि परत जागेवर येऊन बसलो. त्यांची नोकरी मी खरी सोडली ती त्या दिवशी, असं आता वाटतं.