फोटोवाल्याचं रक्त

फोटोवाल्याला एचआयव्ही होऊन अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दुसऱ्या कुठल्याही आजाराने त्याच्या अंगावर स्वतंत्रपणे यावं, हे कुणाला मंजूर नव्हतं. खोकला आला, तर त्यातलाच. पाठ दुखली, तीही त्यातलीच. त्यामुळे स्टुडिओचा जिना चढताना तो मध्येच मटकन बसला आणि हिमोग्लोबिन चार निघालं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी फाइल उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

"यात असंच असतं," ते म्हणाले. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचं हे सार होतं.

रक्त चढवलं, महिन्याभरात हिमोग्लोबिन पुन्हा उतरलं. गोळ्यांचा दोष असेल म्हणून गोळ्या बदलल्या. पुन्हा तेच.

मेहुण्याचं निदान त्याहून पक्कं. तो स्टुडिओत ठाण मांडून बसला. "दाजी, तुम्ही फक्त आराम करा," असं म्हणत त्याने स्वतःच्या नावाच्या पाटीसाठी रंगाऱ्यालाही गाठलं. दाजी आटोपायला फार वेळ लावतायत, एवढीच त्याची अडचण.

चौथ्या बाटलीच्या वेळी वॉर्डात नवी डॉक्टरीण होती. नवी असल्यामुळे तिला अजून प्रश्न पडत.

"काका, लहान मुलांत वावर असतो?"

"शाळेत आयकार्डाचे फोटो काढतो की."

"कुणाचे गाल लाल होते? थोबाडीत मारल्यासारखे?"

"सात-आठ जणांचे. मला वाटलं, बाई तापट असतील. कॉम्प्युटरवर लाली पुसून दिली."

तिला हसू आवरेना. "बाईंची माफी मागा. तो पार्वोव्हायरस असणार. गाल लाल होईतो लागण देऊन झालेली असते. तुम्हाला दिला तो रांगेतल्या, गाल अजून लाल न झालेल्या एखाद्या गोऱ्यागोमट्या पोराने. पोरं चार दिवसांत बरी होतात. तुमच्या शरीराला तो हाकलता येत नाही, म्हणून तो तांबड्या पेशी बनूच देत नाहीये."

"तपासायचं कशाला?" मोठे डॉक्टर म्हणाले. तिने तपासलं. विषाणू सापडला. मग दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं पाच दिवस सलाईनमधून दिली. दीड महिन्यात हिमोग्लोबिन अकरावर गेलं. मोठ्या डॉक्टरांनी हे यश परिषदेत स्वतःच्या नावावर सांगितलं.

फोटोवाला स्टुडिओत पोचला, तेव्हा मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पण दाजी, हे उलटू शकतं म्हणे?" त्याने मोठ्या आशेने विचारलं.

"शकतं. उलटलं तर पुन्हा सलाईन. ऊठ आता, गिऱ्हाईक उभं आहे."