ढवळे काकांच्या डोक्यावरची नऊ बटणं

आता हे कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा मागवलाच आहे, तर ऐका. अट एकच, मधे हसायचं नाही. विषय गंभीर आहे. माणसाच्या डोक्याचा आहे, आणि ते डोकं माझं नव्हतं.

मी लखनऊच्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मशीन चालवतो. डॉक्टर नाही हं, इंजिनियर. पेशंटच्या डोक्याचा एमआरआय काढतात, म्हणजे ब्रेडच्या स्लाइससारखे शेकडो पातळ फोटो. ते कॉम्प्युटरमधे एकावर एक रचून मी अख्खं डोकं स्क्रीनवर उभं करतो. फिरवा, आडवं करा, आत शिरा, काय वाट्टेल ते करा. ऑपरेशनमधे सर्जन हातातली सळई डोक्याला लावतात, आणि तिचं टोक आत नेमकं कुठे आलंय ते स्क्रीनवर दिसतं. गाडी चालवताना मोबाइलवर निळा ठिपका सरकतो ना, तसंच.

पण स्क्रीनवरचं डोकं आणि टेबलावरचं डोकं एकच आहे, हे कॉम्प्युटरला कसं कळणार? त्यासाठी बटणं असतात. शर्टाच्या बटणाएवढे, मधे भोक असलेले, प्लॅस्टिकचे चिकट गोल. स्कॅनच्या आधी डोक्यावर नऊ ठिकाणी लावायचे. स्कॅनमधे ते उमटतात. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या आधी त्या नऊ जागांना सळई टेकवली, की दोन्ही डोकी जुळली. म्हणून तोवर बटणं जागची हलता कामा नयेत.

बस, एवढंच. यात न समजण्यासारखं काही आहे का? मग मी ढवळे काकांना हे सरळ का नाही सांगितलं?

ढवळे काका म्हणजे बाबांचे जुने साहेब. रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते. मानक नगरला आमच्या समोरच्या क्वार्टरमधे राहायचे, रिटायर होऊन तेलीबागला घर बांधलं. कॉलनीत कॅरममधे त्यांना कुणी हरवलेलं मी तरी पाहिलं नाही. मग उजव्या हाताची बोटं सुन्न पडायला लागली. स्ट्रायकर सुटायला लागला, चहाचा कप हिंदकळायला लागला. रिपोर्ट आला, मेंदूच्या आवरणावर गाठ आहे. साधी, कॅन्सरची नाही. पण बसली होती नेमकी उजवा हात जिथून चालतो त्या भागाला खेटून.

आमच्या सर्जन मॅडमनी काकूंना स्वच्छ सांगितलं, "गाँठ निकल जाएगी. लेकिन ज़रा सा भी इधर-उधर हुआ तो हाथ जा सकता है."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः बटणं लावली. काकांना टक्कल, त्यामुळे जागाच जागा. स्कॅन करून त्यांना वॉर्डात आणलं, तर हे छताकडे बघत पडलेले. चेहरा उतरलेला. मला वाटलं, माणसाला जरा हलकं करावं. आता माझी हलकं करायची पद्धत अशी, की शोकसभेतला चेहरा करायचा आणि काहीही ठोकून द्यायचं.

"निखिल," काका म्हणाले, "हे डोक्यावर काय लावलंयस रे?"

"सिग्नल आहेत काका."

"सिग्नल?"

"हाँ. नऊच्या नऊ चालू आहेत. आता तुम्ही झोपा, बसा, बाथरूमला जा, मॅडमना घरी स्क्रीनवर दिसत राहणार. मशीन तुमच्यावरून नजर हटवत नाही."

"आणि ज्यांना बटण नाही ते?"

"त्यांना मशीन ओळखतच नाही."

काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग काकूंकडे बघितलं. "अच्छा," एवढंच म्हणाले.

मी मनात म्हटलं, काय जमलंय यार!

शेजारच्या पलंगावर मिश्राजी होते, कमरेची चकती सरकलेले. त्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. ते म्हणाले, "भैया, ये क्या बता रहे हैं, हमें भी बताइए." मग मी सगळं हिंदीत पुन्हा सांगितलं. हिंदीत माझी लय जरा जास्तच लागते. मॅडमच्या घरच्या स्क्रीनचा आकारसुद्धा सांगितला. सगळा वॉर्ड गप्प बसून ऐकत होता. अशी ऑडियन्स परत मिळायची नाही, म्हणून मी पाच मिनिटं जास्तच बोललो.

या नादात एक काम राहिलं. बटण लावलं की त्याच्याभोवती पेनानं गोल काढायचा असतो. पडलंच एखादं, तर जागा कळावी म्हणून. तो गोल मी काढला नाही. नऊपैकी एकालाही नाही.

सकाळी सात वाजता वॉर्डात आलो. दारात गार्ड मोबाइलवर बोलत होता. मोबाइलच्या मागे काहीतरी पांढरं गोल चिकटलेलं. मी लक्ष दिलं नाही. कोण देतं हो?

आत पहिल्याच पलंगावर खान साहब. त्यांच्या चेहऱ्याच्या नसेला कळा यायच्या. ते उशीला टेकून बसलेले, गालावर बटण. पुढे बख्शी का तालाब गावचे रामसजीवनजी, हाताला मुंग्या येतात म्हणून भरती झालेले. त्यांच्या मनगटावर बटण. मिश्राजी पालथे झोपलेले, कुडता वर सरकलेला, कमरेच्या बरोबर मधोमध बटण. आणि मिश्राईन, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, ज्यांना कसलाही आजार नव्हता, त्यांच्या कपाळावर टिकलीच्या जागी बटण.

मी धावतच काकांच्या पलंगाकडे गेलो.

ढवळे काका खिडकीशी बसून पेपर वाचत होते. डोक्यावर चार बटणं. समोर दोन, मागे दोन. एकदम सारख्या अंतरावर, टेबलाच्या चार पायांसारखी.

"काका! बाकीची कुठे गेली?"

"वाटली," काका पेपरमधून मान वर न काढता म्हणाले. "मिश्राजी रडायला लागले रे. म्हणाले, हम को तो मशीन पहचानती ही नहीं. इसीलिए नंबर नहीं आता. मग दिलं एक. एकाला दिल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

"आणि ही चार अशी कशी?"

"ती मी लावली," काकू म्हणाल्या. "एका बाजूला चार आणि दुसरीकडे काहीच नाही, किती वाईट दिसत होतं! म्हणून काढून नीट सारखी करून लावली. छान बसलीत की नाही?"

छान बसली होती. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी बसली होती.

साडेसातला मॅडमचा राउंड, साडेआठला ऑपरेशन. माझ्याकडे अर्धा तास. मी ठरवलं, गुपचूप गोळा करायची आणि परत लावायची. मोबाइलमधे आदल्या दिवशीचा काकांचा एक फोटो होता, अंदाज येईल.

"मिश्राजी, वो बटन वापस चाहिए."

"काहे?"

"चार्ज करना है." अजूनही माझी जीभ सुधारली नव्हती, बघा.

"हम नहीं देंगे. तीन महीने बाद कल नींद आई है. आप को चार्ज करना है तो यहीं लगे-लगे कर दीजिए."

मिश्राईन तर कपाळावर हातच ठेवून बसल्या. खान साहब मात्र भला माणूस. बटण काढून दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "बेटा, डॉक्टर साहिबा से कहिएगा, रात हम ने एक बार भी दवा नहीं माँगी. वो उन्होंने देख ही लिया होगा."

मी मान हलवून पुढच्या पलंगाकडे वळलो.

हातापाया पडून पाचही मिळाली. पाचवं गार्डच्या मोबाइलचं. नेटवर्क येत नव्हतं म्हणून त्यानं लावलं होतं. आता येतंय म्हणाला.

मी काकांच्या मागे उभा राहिलो. एका हातात बटणं, एका हातात मोबाइलमधला फोटो. पहिलं बटण कानामागे लावायचं होतं. कानाच्या किती मागे? फोटोत बोटभर दिसत होतं. पण बोट कुणाचं? फोटो जरा तिरका होता, उजेड एका बाजूनं होता. चूक झाली तर किती होईल? पाच मिलिमीटर? म्हणजे तांदळाचा एक दाणा. तांदळाच्या दाण्याएवढी चूक, कुणाला दिसणार?

कुणालाच दिसली नसती. स्क्रीनवर आकडे कदाचित जमलेसुद्धा असते. मॅडमनी माझ्या स्क्रीनवर विश्वास ठेवून सळई आत नेली असती. आणि त्या दाण्याच्या पलीकडे काकांचा हात होता.

काका पेपर वाचत होते. पान उलटताना उजव्या हाताची बोटं कागदावरून दोनदा घसरली. तिसऱ्यांदा उलटलं.

मी बटणं खिशात टाकली आणि मॅडमच्या केबिनचा रस्ता धरला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"घर पे मेरी स्क्रीन कितनी बड़ी है?" एवढंच विचारलं.

"जी... बावन इंच, मॅडम."

"अच्छा." मग फोन उचलला. काकांचा नवीन स्कॅन, नवीन बटणं, ऑपरेशन दुपारी. आणि सकाळच्या रिकाम्या जागेवर, जो पेशंट उपाशीपोटी तयार असेल तो.

तो कोण, सांगायला हवं का? मिश्राजी. दोनदा नंबर हुकल्यामुळे ते रोज सकाळी उपाशीच राहायचे, आपलं कधी बोलावतील काय नेम! स्ट्रेचरवरून जाताना अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगत गेले, "देखा? मशीन ने पहचान लिया!"

राउंडला मॅडम आल्या तेव्हा रामसजीवनजींनी हात जोडून विचारलं, "डॉक्टर साहब, रात में हम ठीक दिखे?"

मॅडमनी त्यांचं मनगट हातात घेतलं, बोटं एकेक करून दाबून बघितली. "सामने से और अच्छे दिख रहे हैं," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "इन सब को सच बताइए. अभी. और ढवळे जी को सबसे पहले."

मी काकांसमोर स्टूल ओढून बसलो. सगळं सांगितलं. सिग्नल-बिग्नल काही नाही, साधं प्लॅस्टिक आहे. मी मजा करत होतो. ती फक्त जागेच्या खुणा होत्या आणि त्या हलायला नको होत्या.

काकांनी एक लांब श्वास सोडला. मला वाटलं, आता बसणार थोबाडीत.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "सिग्नल नाही ते मला रात्रीच कळलं होतं. पस्तीस वर्षं सिग्नलमधे काढली मी. बॅटरी नाही, वायर नाही, मधे भोक! त्यातून काय जाणार, हवा?"

"मग वाटली कशाला?"

"म्हणूनच वाटली! म्हटलं, उपयोग तर काही नाही, निदान त्या बिचाऱ्यांना झोप लागेल. रेफरन्स पॉइंट आहे असं सांगायचं ना मला! सिग्नलचा खांब रोवताना खुणेचा दगड कुणी हलवला तर मी सस्पेंड करायचो लोकांना. तुझ्या काकूला हात लावू दिला असता का मी?"

काकू म्हणाल्या, "मला काय माहीत, मी आपलं सारखं केलं."

म्हणजे बघा, खरं सांगितलं असतं तर या माणसानं नऊ बटणांवर रात्रभर पहारा दिला असता. मी खोटं सांगितलं, ते त्यांनी पकडलं, आणि म्हणून बटणं गेली.

नवीन स्कॅनला मी प्रत्येक बटणाभोवती गोल काढला. काका आरशात बघून मोजत होते. "सातव्याचा गोल पुसट आहे," म्हणाले. पुन्हा काढला. नंतर दुपारपर्यंत काकू जवळ आल्या तरी हात आडवा करायचे.

ऑपरेशन चार तास चाललं. एवढ्या वेळात मी एक शब्द जास्तीचा बोललो नाही. मॅडम विचारायच्या, मी आकडा सांगायचो. शेवटी गाठ निघाली, तेव्हा मॅडम मास्कच्या आतून म्हणाल्या, "आज आप बीमार तो नहीं?"

दुसऱ्या दिवशी आयसीयूत गेलो. काकांच्या डोक्याला पांढरं मुंडासं. मला बघून त्यांनी उजवा हात चादरीतून बाहेर काढला. हळूहळू अंगठा आणि मधलं बोट जुळवलं, आणि माझ्या शर्टाच्या खिशावर एक टिचकी मारली. स्ट्रायकर मारतात तशी. लागली हो! चांगली लागली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, आता सवय मोडतोय.

मी म्हटलं, "काका, परवा संध्याकाळी तुम्ही खूप घाबरला होता ना ऑपरेशनला?"

"ऑपरेशनला? छे! मॅडमवर माझा पूर्ण भरवसा होता."

"मग चेहरा का तसा झाला होता?"

"आधी जरा कंटाळलो होतो, एवढंच. मग तू म्हणालास, बटणातून सिग्नल जातो. मी तुझा चेहरा नीट बघितला. इतका गंभीर! मला वाटलं, ह्याला खरंच तसं वाटतंय. आणि उद्या मशीनवर बसणार कोण? तर हाच!"



काकू म्हणाल्या, "तू गेल्या गेल्या मला समोर बसवलं. घराचे कागद कुठे, कपाटाच्या किल्ल्या कुठे, सगळं समजावून सांगितलं. आणि वर म्हणाले, माझं काही कमीजास्त झालं तरी निखिलच्या बाबांना कारण कळू देऊ नकोस. त्यांना अजून वाटतं पोरगा हुशार आहे."