बंडूजी खाण पाहून आले

देवळीच्या पंचक्रोशीत कोणाच्या मुलीचं लग्न निघालं की पत्रिका मागाहून पाहिली जाई. आधी बंडूजींना बोलावणं जाई. बंडूजी सरपंच नव्हते, पाटील नव्हते आणि लग्न जुळवणारे तर मुळीच नव्हते. त्यांच्याकडे होतं थोडं कापसाचं वावर, बारमाही पाण्याची विहीर आणि दुसऱ्यांच्या होणाऱ्या जावयांत खोट काढण्याची दैवी देणगी. या देणगीचा त्यांनी कधी मोबदला घेतला नाही. एस.टी.चं तिकीट आणि एक वेळचं जेवण एवढ्यावर ते कोणाचंही जमत आलेलं लग्न मोडून देत.

त्या भागात रीतच होती. रीतसर सोयरिकीला जायच्या आधी मुलीकडच्या दोघांनी न सांगता मुलाच्या गावी जायचं, बैल हरवलाय, सरकी पाहिजे, असं काहीतरी निमित्त काढायचं आणि घर पाहून यायचं. बाकीचे लोक माणसं पाहत. बंडूजी थेट घरामागे जात आणि उकिरडा पाहत. उकिरडा मोठा म्हणजे गोठ्यात जनावरं भरपूर, जनावरं भरपूर म्हणजे शेती धड, आणि शेती धड म्हणजे पोरगी उपाशी मरायची नाही. "घर झाडून-पुसून ठेवता येते," ते म्हणत, "उकिरडा काय एका दिवसात वाढवता येते?" यात चूक काही नव्हतं. फक्त छत्रीच्या टोकानं उकरून खत किती मुरलंय हे पाहायची गरज नव्हती, आणि बंडूजी तेही पाहत.

उकिरडा पास झाला तरी पुढे बरंच काही उरे. एका मुलाला त्यांनी नाकारलं ते त्याच्या घरचा कुत्रा परक्यावर भुंकला नाही म्हणून. म्हणजे घरात चोरण्यासारखं काही नसणार. जाम गावच्या एका मुलाला नाकारलं, कारण घर ऐन हमरस्त्यावर, सून दिवसभर ट्रक बघत बसेल. त्या मुलाचे पुढे स्वतःचेच दोन ट्रक झाले, पण हा विषय बंडूजींसमोर काढायची कोणाची छाती नव्हती.

हे सगळं दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत चाललं होतं तोवर बंडूजींचा गावात दबदबा होता. मग त्यांची स्वतःची चंद्रकला लग्नाला आली. ती आली तेव्हा मॅट्रिक नुकती पास झाली होती. अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तेव्हा तिच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जाऊ लागली होती आणि चंद्रकला त्याच मैत्रिणींची पोलकी शिवत घरी बसली होती. आलेली स्थळं बंडूजींनी एकेक करून निकालात काढली होती. आता स्थळं येणंच थांबलं होतं. लोक म्हणत, ज्याला जगातला एकही पोरगा पटत नाही त्याच्या दारात कशाला जायचं?

अशात देवकाबाईंच्या, म्हणजे बंडूजींच्या बायकोच्या, भावानं एक स्थळ आणलं. मुलाचं नाव पुंडलिक. नदीपलीकडे कोळशाच्या खाणीवर इलेक्ट्रिशियन होता, खाण सरकारी झाल्यापासून नोकरी पक्की, राहायला क्वार्टर, घरी फक्त आई. फोटो आला होता. चंद्रकलेनं तो पाहिला आणि कधी नव्हे ते परत दिला नाही, शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवून दिला. देवकाबाईंनी एवढ्यावरून समजायचं ते समजून घेतलं.

"या खेपेले तुमी फक्त पाहून या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तोंड उघडू नका. हे गेलं तं पोट्टी घरातच म्हातारी होईन, सांगून ठेवतो."

"मी काय वैरी हावो का तिचा?" बंडूजी म्हणाले आणि छत्री शोधू लागले. जानेवारी महिना होता.

सोबतीला त्यांनी सदाशिवराव गुरुजींना घेतलं. गुरुजी निवृत्त झाले होते. त्यांनी आयुष्यभर चौथीच्या पोरांना 'कोळसा खाणीत सापडतो' हे एक वाक्य शिकवलं होतं आणि खाण कधी पाहिली नव्हती. बंडूजींनी बेत सांगितला: आपण खाण पाहायला आलो असं सांगायचं, दिवसभर फिरायचं, कोणाला संशय येता कामा नये. बंडूजींच्या दृष्टीनं हे निमित्त होतं. गुरुजी मात्र धुतलेलं धोतर नेसून, डबा बांधून, खरोखरच सहलीला निघाले.

हिंगणघाटला गाडी बदलून ते उन्हं वर यायच्या सुमारास पोचले. त्या गावाला लोक नुसतं कॉलरी म्हणत. रस्ता काळा, झाडं काळी, बकऱ्या मुळात कोणत्या रंगाच्या असतील ते बकऱ्यांनाच ठाऊक. तिथं लोक पोट भरायला येत आणि सुटी मिळाली की आपापल्या गावाला पळत. प्रेक्षणीय स्थळ म्हणून तिथं आजवर कोणीही उतरलं नव्हतं.

स्टँडवर मोतीलालची चहाची टपरी होती. बंडूजींनी चहा घेतला आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "आमी खाण पाहाले आलो."

"पाहा ना भाऊ," मोतीलाल म्हणाला. कॉलरीत पांढऱ्या टोपीचे परके फक्त दोन प्रकारचे येत, युनियनचे पुढारी आणि मुलीचे बाप. पुढाऱ्यांच्या मागे दहा माणसं असत. यांच्या मागे फक्त गुरुजी होते. मोतीलालनं दोघांना खाणीचा रस्ता दाखवला आणि ते वळल्यावर पोऱ्याला क्वार्टरांकडे पिटाळलं. त्या वेळी लग्नाचा एकच पोरगा कॉलरीत चर्चेत होता.

मग बंडूजींनी खाण पाहिली. आधी उघडी खाण, म्हणजे एक भलामोठा खड्डा, त्याच्या तळाशी ट्रक इकडून तिकडे जात होते. गुरुजी काठावर हात जोडून उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बंडूजी, जंगल होतं इथं. लाखो वर्षांपूर्वी गाडलं गेलं," ते म्हणाले.

"खड्डा हाये," बंडूजी म्हणाले. "अन् विहिरीचं पाणी खाली गेलं असन याच्यानं."

मग भुयारी खाणीच्या तोंडावरचं मोठं चाक पाहिलं. भोंगा झाला, पाळी सुटली, डोक्याला दिवे बांधलेली माणसं बाहेर आली. गुरुजींनी त्यातल्या एकाला थांबवून आत किती गरम होतं, दिवा किती वेळ चालतो, असं सगळं विचारलं. बंडूजींनी त्यालाच बाजूला घेऊन विचारलं, पुंडलिक नावाचा पोरगा पितो का. वजनकाट्यावरच्या बाबूला विचारलं, पुंडलिक जुगार खेळतो का. कँटीनमध्ये विचारलं, त्याची उधारी आहे का. सगळे म्हणाले, पोरगा चांगला आहे. सगळेच चांगलं म्हणतात याचा अर्थ सगळ्यांना शिकवून ठेवलंय, असा बंडूजींनी निष्कर्ष काढला. गुरुजींनी रुळाकडेचा कोळशाचा एक खडा उचलून धोतराच्या सोग्यात बांधला. दोघांपैकी खूश तेवढे तेच होते.

दुपारी ते क्वार्टरांच्या ओळीत शिरले. इथं बंडूजींची पंचाईत झाली. मागे गोठा नाही, कडबा नाही, उकिरडा नाही. एकसारख्या विटांच्या खोल्या, एकसारखी दारं. बघायचं कुठं? तेवढ्यात त्यांना दिसलं की प्रत्येक क्वार्टरसमोर कोळशाचा ढीग आहे. कामगारांना घरची सिगडी पेटवायला खाणीतून कोळसा मिळे, तो दारात ओतून ठेवलेला असे. कुठे ढीग मोठा, कुठे लहान. बंडूजींना हायसं वाटलं. कुठेही गेलं तरी देव उकिरड्याची सोय करतोच, फक्त इथं त्याचा रंग वेगळा होता.

"गुरुजी, पाहा," ते हळूच म्हणाले आणि छत्रीनं एकेक ढीग टोचत ओळीतून चालू लागले. दारादारांतून बायका बघत होत्या. कोणी हसत नव्हतं, कारण पोऱ्याचा निरोप सगळ्यांना मिळाला होता. पुंडलिकच्या दारातला ढीग सगळ्या ओळीत लहान निघाला, दोन टोपल्याही भरल्या नसत्या. शेजारच्या दारात मात्र कमरेएवढी रास होती.

पुंडलिकची आई प्रमिलाबाई ओट्यावर बसली होती. तिनं दोघांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. "कुठून आले पाव्हणे?"

"तिकडूनच, वर्ध्याकडून. खाण पाहाले आलतो," बंडूजी म्हणाले. आत सिगडीवर काहीतरी रटरटत होतं, पाच-सहा जेवणाचे डबे धुऊन पालथे घातले होते. बंडूजींनी ते पाहिलंच नाही. त्यांचा जीव ढिगात अडकला होता. तोंड उघडू नका, हे बायकोचे शब्द त्यांना या वेळी आठवायला हवे होते. "बाई, राग नका मानू," ते म्हणाले, "पण तुमच्या दारात काईच बरकत दिसत नाई. त्या बाजूच्या घरी पाहा. त्याले म्हणते घर."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

प्रमिलाबाईनं शेजारच्या राशीकडे पाहिलं. "त्याची बायको दिवाळीपासून माहेरी हाये," ती शांतपणे म्हणाली. "दारू पिऊन मारे तिले. तवापासून सिगडी पेटली नाई त्या घरात. कोळसा मिळते दर महिन्याले, तो जाईन कुठं? साचला. माया घरी माया पोराचं अन् चार परगावच्या पोरांचं दोन टायमाचं शिजते. आमचा कोळसा टिकत नाई."

बंडूजींनी हातातला पेला खाली ठेवला आणि छत्री मागे सरकवली.

"तुमी देवळीचे बंडूजी ना?" प्रमिलाबाई म्हणाली. "सकाळपासून माहीत हाये मले. पोरानं अर्धी सुटी मागतली होती, तुमाले जेवाले नेतो म्हणे. म्या थांबवलं त्याले. म्हटलं, पाहू दे त्याईले काय पाहाचं ते. पाह्यलं तुमी. माया पोरगा दारू पिते का, हे साऱ्या कॉलरीले इचारलं. माया पोराले एक डाव भेटले नाई."

"आमच्या इकडची रीतच..."

"रीत हाये. आमी बी केली असती चौकशी. पण भाऊ, ज्याले मारकुट्याच्या घरी बरकत दिसली अन् माया घरी दिसली नाई, त्याच्या घरची पोरगी मले नाई पायजे. उद्या तुमी दर सणाले याल अन् माया घरात टोचत फिराल. पोरगी चांगली असन. तिले सांगा, तुयात काई खोट नाई."

गुरुजी उठले, त्यांनी प्रमिलाबाईला नमस्कार केला. बंडूजीही उठले. त्यांनी आजवर किती घरांत नकार दिले होते, पण नकार घेऊन उठायचं कसं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. छत्री ते पोत्याजवळच विसरले. ती गुरुजींनी उचलली.

परतीच्या गाडीत गुरुजींनी डबा सोडला, बंडूजींपुढे धरला. त्यांनी खाल्लं नाही. गाडी पूल ओलांडून अलीकडे आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "घरी काय सांगाल?" सांगणं तर अगदी सोपं होतं. पोरगं बरोबर नाही, एवढं म्हटलं की झालं. गावाला तीच सवय होती, आणि गुरुजी काही बोलणारे नव्हते. बंडूजी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना मशीनच्या खणातला तो फोटो आठवत होता. आपण आपल्याच पोरीचं वाटोळं करून आलोय, हे त्यांना आता कळलं होतं.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. चंद्रकला मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवले, पण वर पाहिलं नाही. देवकाबाई चुलीपासून उठून दारात आल्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं आणि नवऱ्याचं तोंड बघून स्वतःच म्हणाल्या, "मोडलं. पोट्ट्यात काय खोट निघाली या खेपेले?"

"खोट नाई निघाली," बंडूजी म्हणाले. टोपी काढून त्यांनी खाटेवर ठेवली. "पोट्टं चांगलं हाये. माय त्याहून चांगली हाये. त्याईनच नाई म्हटलं." मग ते पोरीकडे वळले. "मले पाहून नाई म्हटलं. तुले नाई, चंद्रकला. म्याच नापास झालो."

देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. चंद्रकलेनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, सुईतला दोरा तोडला आणि बापाकडे सरळ पाहिलं.

"मंग हेच जसंच्या तसं तिथं जाऊन सांगा," ती म्हणाली. "सकाळची पयली गाडी हाये. मी येतो संग."