सोपान रुपनवरची सरळ केबल

सणसरच्या सोपान रुपनवरला वाकडं म्हणून काही खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललं तरी त्याच्या गळ्याखाली घास उतरायचा नाही. ताटावरून उठायचा, खिळा उपटायचा, दुसरा ठोकायचा आणि मग पुन्हा जेवायला बसायचा. बायको म्हाळसा म्हणायची, "अवं, सरळ टांगल्यावर अमुशा टळणार हाय का?" सोपान एक डोळा मिटून कॅलेंडर न्याहाळत राहायचा.

हे वळण त्यानं कुणाचं उचललं, कोण जाणे. बाप तात्याबा मेंढरांमागं हिंडण्यात म्हातारा झालेला, आणि मेंढरू काही रेघ धरून चालत नाही. पुढं रानं उसाखाली गेली, चराई आटली, तेव्हा तात्याबानं कळप मोडला आणि पोराला आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला घातलं. तिथं सोपानच्या हाती भिंतीचा सरळपणा जोखायचा ओळंबा लागला आणि त्याचा जन्म सार्थकी लागला. बारामतीच्या एमआयडीसीतल्या दूध कारखान्यात तो चिकटला तेव्हा त्याचं नावच 'ओळंबा' पडलं. त्यानं ठोकलेली पट्टी म्हणजे सुतळी धरून मारलेली रेघ, आणि त्यानं वळवलेला पाईप म्हणजे काटकोन. मॅनेजर खलाटे साहेब तर पाहुण्यांना दुधाआधी वायरिंग दाखवायचे.

सत्त्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले. एक दूध उतरवायच्या धक्क्यावर, एक प्रयोगशाळेत आणि एक ऑफिसात. धक्क्यावर वजन टाकायचं, प्रयोगशाळेनं फॅट टाकायची आणि ऑफिसात पावती छापून निघायची, अशी योजना. तिघांना जोडायला पुण्याच्या कंपनीनं काळ्या केबलचं भेंडोळं पाठवलं. ओढायला त्यांचा माणूसही येणार होता, पण साहेब म्हणाले, "आपला ओळंबा हितं असताना पुण्याचा माणूस कशाला?"

कंपनीच्या इंजिनिअर राजलक्ष्मी मॅडमनी सोपानला फोनवर बजावलं होतं, "सोपानराव, मोटारींच्या केबलपासून लांब ठेवा बरं का."

"व्हय मॅडम," सोपान म्हणाला. म्हणायला त्याचं काय जात होतं! त्याच्या डोळ्यांपुढं धक्क्यापासून ऑफिसापर्यंत नाकासमोर जाणारा लोखंडी ट्रे होता. दूध गार ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरला वीज नेणाऱ्या मनगटाएवढ्या केबली त्यातूनच जात. असा राजरस्ता सोडून नवी केबल भिंतीभिंतीनं फिरवणं म्हणजे डांबरी सोडून बांधानं जाणं. आणि लांब म्हणजे किती लांब? त्यानं चार बोटं अंतर सोडलं. मग केबल तंबोऱ्याच्या तारेगत ताणली, वीतवीतभर अंतरावर पट्ट्या आवळल्या आणि कोपऱ्यावर तिला अशी दुमडली की कागदाची घडी लाजावी. खलाटे साहेब ट्रेखाली मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "वा! याला म्हणत्यात काम."

नारळ फुटला, पेढे वाटले गेले, कॉम्प्युटर सुरू झाले. धक्क्यावरच्या सुकन्यानं पहिलं वजन टाकलं आणि ऑफिसात पावती निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मशिनवरच्या गेणबानं नेहमीप्रमाणं कॉम्प्रेसरचं बटण दाबलं आणि तिन्ही कॉम्प्युटर गप्प झाले.

तिथून पुढं रोज तेच. कधी अर्धी पावती निघे, कधी एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर, कधी काहीच नाही. कारणं शोधायला अख्खा कारखाना लागला. कुणी म्हणालं, चपला घालून आत येतात म्हणून. चपला बाहेर गेल्या. कुणी म्हणालं, सुकन्या बटणं जोरात बडवते. ती बिचारी कोंबडीच्या अंड्याला हात लावावा तशी टाइप करू लागली. उंदरांसाठी पिंजरे लागले. एकानं तर लिंबू-मिरची बांधली. गेणबा एकदा चाचरत म्हणाला, "सोपान, माझं मशिन चालू झालं की कॉम्प्युटर बंद पडतंय, असं मला वाटतंय बग."

"तुझं मशिन कुठं, ऑफिस कुठं," सोपान फिस्कारला. "केबल बग की जरा वर. कुठं केसाचा फरक हाय का?"

फरक नव्हताच. म्हणून तर केबलवर कुणाचा संशय जाईना.

शेवटी राजलक्ष्मी मॅडम आल्या. त्या मूळच्या वालचंदनगरच्या कॉलनीतल्या, वडील तिथंच फोरमन. यंत्रांचे आवाज ऐकतच वाढलेल्या. त्यांनी ट्रेकडं पाहिलं आणि मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. सोपानला वाटलं, बघून थक्क झाल्या.

"फार सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या. "पण सोपानराव, या केबलचं जे जे करू नये, ते ते तुम्ही अगदी मन लावून केलंय."

सोपानला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मोटार उठते तेव्हा त्या जाड केबली गोंगाट करतात. शेजारच्या या बारकीतलं बोलणं त्यात बुडून जातं. आणि कोपऱ्यावर दुमडलीत, तिथं ती आत चेपलीय."

"केबलला कसला आलाय गोंगाट, मॅडम?"

"तुमी जत्रंत ढोलाशेजारी हुबं ऱ्हावा," मॅडम एकदम कॉलनीबाहेरच्या बोलीत उतरल्या, "आन् कानात गुज सांगून बगा. कळतंय का?"

त्यांनी केबलचं नवं भेंडोळं मागवलं आणि धक्क्यापासून ऑफिसापर्यंत चक्क अंगणातून टाकून दिलं. पोत्यांवरून, नळाला वळसा घालून, जिथं पडेल तिथं. जनावर दावं तोडून गेल्यावर दोर पडावा तशी ती केबल पडली होती. सोपानला बघवेना. मॅडम ओरडल्या, "गेणबाकाका, मशिन चालू करा!" कॉम्प्रेसर धडधडला आणि ऑफिसात पावत्यांमागून पावत्या निघू लागल्या. सुकन्याला हसू आवरेना. सोपान मात्र घरी जाऊन न जेवता पडला.

"कुणी वारलं का?" म्हाळसानं विचारलं.

"न्हाय. चालू झालं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मॅडमनी सांगितलं तसं काम केलं. नवी केबल कॉम्प्रेसरकडं पाठ करून, भिंतीवरून वर, प्रयोगशाळेच्या छतावरून, गोल वळणं घेत, ढिली सोडत नेली. जाड केबली ओलांडायच्या तिथं आडवी, क्षणभर, लगेच दूर. दारू प्यालेला माणूस घरी निघावा तशी ती दिसत होती. पण पोचत होती. पावत्या अडेनात, धक्क्यावरची रांग भराभर सरू लागली. आणि या कामाबद्दल त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले ते फक्त खलाटे साहेब. "सोपान, हा भोपळ्याचा येल कुणी चढवलाय रं?"

महिन्याभरानं मुंबईहून बडे पाहुणे येणार असं ठरलं. साहेबांनी फर्मान काढलं, "येल खाली. केबल परत ट्रेमधी."

"साहेब, मग मशिन चालू झालं की कॉम्प्युटर बंद पडंल."

"त्या दिवशी मशिन बंद ठिवू."

"दूध नासंल की."

साहेबांनी हनुवटी खाजवली. विचार करायचा झाला की ते नेहमी ती खाजवत. "मग असं कर. चालती हाय ती चालू दे, तिच्यावर स्वागताचा फलक बांध. आन् ट्रेमधी पयलीच केबल परत घाल. दिसायला."

सोपानला हे लबाडीचं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. पण जुनी केबल ट्रेमध्ये ताणताना त्याचे हात असे हरखले, जणू माहेराला निघालेत. या वेळी तर तिच्यातून काही जायचंच नव्हतं, म्हणून त्यानं कोपरे आणखी धारदार केले.

पाहुणे आले. ट्रेखाली थांबले. "ही शिस्त! कॉम्प्युटर युग म्हणतात ते हे," असं म्हणून त्यांनी सोपानला पुढं बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली. केबलची दोन्ही टोकं ट्रेच्या मागं मोकळी लोंबत होती. राजलक्ष्मी मॅडम पहिल्या रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. सोपाननं मान वर केली नाही.

दिवाळीच्या आधी कारखाना रंगवायला काढला. रंगाऱ्यांनी साहेबांना विचारलं, भिंतीवरचा पसारा ठेवायचा का? साहेब म्हणाले, "नको त्ये समदं उतरवा." तासाभरात तिन्ही कॉम्प्युटर गप्प झाले. धक्क्यावर टेम्पोंची रांग गेटाबाहेर गेली. सोपान धावत आला तेव्हा साहेब ट्रेखाली उभे राहून, बोट वर करून ओरडत होते, "केबल तर जाग्यावर हाय! एवढी सरळ हाय! मग बंद का?"

ते खरंच विसरले होते. सोपाननं इकडं तिकडं पाहिलं आणि हळू म्हणाला, "साहेब, ती पाव्हण्यांची हाय."

"मग आपली कुठंय?"

रंगाऱ्याच्या खांद्यावर भेंडोळं होतं. "ही व्हय? मला वाटलं, टाकाऊ हाय."

संध्याकाळपर्यंत सोपाननं वेल पुन्हा चढवला. साहेबांनी या वेळी अडवलं नाही, फक्त त्याच्यावर भिंतीचाच रंग मारायला लावला, म्हणजे दिसायला नको.

शालीची बातमी एमआयडीसीभर झाली होती. दुसऱ्या कारखान्यांचे मालक सोपानला सुट्टीच्या दिवशी बोलावू लागले. तो पहिलाच प्रश्न विचारायचा, "दिसायची पायजे का चालायची?" मालक म्हणायचे, दोन्ही. मग तो दोन्ही घालायचा, आणि कुणाची तक्रार येत नसे.

पुढं एकदा राजलक्ष्मी मॅडमचा फोन आला. पुण्याहून काही इंजिनिअर येणार होते. यंत्रांच्या गर्दीत केबल कशी न्यावी हे त्यांना दाखवायचं होतं, आणि त्यासाठी सोपानच्या कामासारखं काम आसपास नाही, असं त्या म्हणाल्या. सोपान खुलला. "आणा की मॅडम. ट्रे पुसून ठिवतो."

"ट्रे नाही हो. भिंतीवरची."

"मॅडम, ती नगं," तो म्हणाला. "ती काय दाखवायची केबल हाय का?"

मॅडमनी ऐकलं नाही. इंजिनिअर आले, माना उंच करून वळण न् वळण बघत फिरले, आणि तेवढा वेळ सोपान कँटीनमध्ये दाराकडं पाठ करून चहा पीत बसला.