साखरेचा अंश

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि मोठ्या बहिणीकडे राहत होतो. ताई महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. आमच्या वस्तीतली ती पहिली एम.एस्सी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी प्रशिक्षण घेऊन ती परतली, तेव्हा तिच्या पिशवीत राखाडी पुडीची बाटली होती. ऑइलपेंटला पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड, त्यावर नावापुरतं प्लॅटिनम. ही पूड पाण्यात मिसळून उन्हात ठेवली की पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, पूड मात्र खर्च होत नाही, असं तिला शिकवलं होतं. ऊन आमच्याकडे भरपूर होतं. पाणी नव्हतं.

त्यात प्रयोगाला लागतं ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं पाणी. ते बनवताना वाफ थंड करायला नळ सतत सोडावा लागतो. त्या दुष्काळात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. प्राचार्यांनी ऊर्ध्वपातनाच्या यंत्राला कुलूप घातलं. ताईने दुसरी वाट काढली. सहकारी साखर कारखान्यात उसाचा रस बंद भांड्यांत आटवतात आणि निघालेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. वाफेचं पाणी म्हणजे शुद्धच, असं तिने धरलं.

कारखान्याच्या चेअरमननी लगेच त्या पाण्याचा कॅन भरून दिला. "न्या की बाई. फकस्त हंगामाच्या सांगतेला आमच्या सभासदांसमोर करून दावा."

महाविद्यालयाच्या गच्चीवर काचेच्या नळ्या उभ्या राहिल्या. आत हवा राहू नये म्हणून पाणी उकळून काठोकाठ भरलेलं. दुपारपर्यंत वर वायू जमायचा. पेटती काडी तोंडाशी नेली की फट्‌ आवाज व्हायचा. हायड्रोजनची ती खूण. चेअरमन एकदा येऊन पाहून गेले आणि निमंत्रणपत्रिकेवर छापून मोकळे झाले: कारखान्याच्या पाण्याचं उन्हाने विघटन, प्रात्यक्षिकासह. मीही बातमी लिहून ठेवली. ताईला पहिल्यांदाच महाविद्यालयाबाहेरच्या लोकांसमोर बोलायचं होतं.

सांगतेच्या आदल्या दिवशी तिने ऑक्सिजनची चाचणी घेतली. तो असला की ठरावीक द्रावण तपकिरी होतं. झालं नाही.

"तूच म्हणालीस ना, ऑक्सिजन पुडीला चिकटून बसतो," मी म्हटलं.

"बसतो. पण मग हाच वायू सोडल्यावर चुन्याची निवळी दुधाळ का झाली? तिला कार्बन डायऑक्साइड लागतो. पाण्यात कार्बन कुठला?"

तिने कॅनमधलं पाणी परीक्षानळीत घेतलं, शर्करेच्या परीक्षेचे थेंब घातले आणि नळीच्या कडेने सावकाश आम्ल सोडलं. मध्यावर जांभळं कडं उमटलं. रस उसळला की त्याचे बारीक तुषार वाफेबरोबर जातात. पाण्यात साखरेचा अंश होता, आणि पुडीने उन्हात मोडली होती ती साखर.

त्याच संध्याकाळी आम्ही चेअरमनकडे गेलो.

"वायू तर निघतोय न्हवं? मग झालं," ते म्हणाले. "इतकं बारीक कोन इचारतंय?"

"मी विचारते, साहेब. पत्रिकेवर लिहिलंय तसं झालेलं नाही."

"पत्रिका वाटून झाल्या, बाई."

"वाटू द्या. मी स्टेजवर झालं तेच सांगणार. नको असेल तर माझं नाव आत्ताच काढा."

चेअरमननी सुपारी कातरायला घेतली. नाव काढलं नाही.

कारखान्याच्या आवारात मांडव भरला होता. ताईने काडी लावून आवाज ऐकवला. टाळ्या पडल्या. मग तिने निवळी दुधाळ करून दाखवली, जांभळं कडं दाखवलं आणि म्हणाली, "या वायूतला काही पाण्यातला आहे. पण नुसत्या उन्हाने पाणी फुटलेलं नाही. तुमची साखर खर्ची पडली म्हणून वायू आला. पाणी शुद्ध आहे हे मी न तपासता धरलं. चूक माझी."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा सभासद उठला. "चेअरमनसाहेब, साखरेचा उतारा कमी का लागतो ते आज कळलं बघा. साखर वाफंवर बसून जातीया."

"बसा मामा. ती तुमच्या उसात व्हती म्हनून तर गेली ना," चेअरमन म्हणाले, आणि मांडव हसला. त्यांनी तिथेच कारखान्याच्या केमिस्टला आटवणीची भांडी तपासायला सांगितलं.

मी जुनी बातमी फाडून नवी लिहिली. शीर्षक होतं: वायू निघाला, पाणी फुटले नाही. संपादकांना ते पडेल वाटलं. तरी छापलं.

पुढच्या आठवड्यात ताईने एसटी डेपोतून बॅटरीत घालायचं ऊर्ध्वपातित पाणी मिळवलं. या वेळी नळीत घालण्याआधी जांभळ्या कड्याची परीक्षा केली. कडं आलं नाही. चार दुपारी नळ्या उन्हात राहिल्या. वायू जमला तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यात ऑक्सिजन आहे की नाही, हे ठरवायलाही तो पुरेना. पुण्याला पाठवलेल्या निबंधात तिने दोन्ही पाण्यांचे निकाल शेजारी शेजारी मांडले. साखरेचा पहिला, आणि हरभऱ्याएवढ्या बुडबुड्याचा, त्याला कुठलंही विशेषण न लावता.